हसरं तोंड

व्रोत्सवाफ, पोलंड
८ सप्टेंबर २०२४

प्रिय अंजलीआत्या,

जय भीम. मी सृष्टी. आई म्हणाली, दर महिन्याला तुला मराठीत पत्र लिहायचं आणि पोस्टातच टाकायचं, फोनवर फोटो काढून पाठवायचा नाही, अशी तुझी अट आहे. तू बालवाडीच्या बाई आहेस म्हणून चुका काढशील. काढ, पण लाल पेनाने काढू नकोस.

आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. बाबा ट्रामने ऑफिसला जातात. मी दुसरीत आहे. इथे बाईंना पानी म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटलं त्यांना पाणी हवंय, म्हणून मी माझी बाटली दिली.

इथे कोणी हसत नाही. लिफ्टमध्ये एक म्हातारी बाई असते. मी तिच्याकडे बघून हसले तर ती तिच्या बुटांकडे बघते. दुकानातला माणूस पण हसत नाही. पानी मला एकदा काहीतरी बोलल्या. बाबांनी अर्थ सांगितला, की यात हसण्यासारखं काय आहे?

आबा पण रविवारी फोनवर हसत नाहीत. आई म्हणते ते पहिल्यापासून तसेच आहेत. पण ते माझ्यावर रागावलेत का? विमानतळावर जाताना सगळे रडत होते आणि मी हसत होते, म्हणून?

आत्या, माणसं का हसतात? तुला माहीत असेल.

तुझी
सृष्टी


एकलहरे रोड, नाशिकरोड
२ ऑक्टोबर २०२४

चि. सृष्टी,

जय भीम आणि दोन्ही गालांवर एकेक पापा. तुझं पत्र आलं तेव्हा मी गच्चीवरच्या कपड्यांवरची राख झटकत होते. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांनी आपलं काम सोडलेलं नाही. नाशिक सोडलं ते तुझ्या बापाने. चुका पुष्कळ आहेत, हिरव्या पेनाने काढल्यात. तरी तुझ्या वयात तुझ्या बापाचं, म्हणजे आमच्या प्रफुल्लचं, अक्षर कोंबडी नाचून गेल्यासारखं होतं, त्या मानाने तू बरी.

माणसं का हसतात, हे मला आजवर एकाही साहेबाने विचारलं नाही. ते पटावर मुलं किती एवढंच विचारतात. म्हणून तुला नीट सांगते.

आपल्या शेजारच्या नवनाथकाकांकडे बाळ झालंय, आरोही. अजून मान धरत नाही, पण झोपेत हसते. तिला कोणी शिकवलं? आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की ज्या बाळांना जन्मापासून दिसत नाही, तीसुद्धा हसतात. म्हणजे हसणं बघून शिकावं लागत नाही, ते आपण पोटातूनच घेऊन येतो. पोलंडमधली बाळंही घेऊनच येतात. तुझी ती लिफ्टमधली म्हातारी लहानपणी हसतच असणार. नंतर कुठे ठेवून विसरली, ते तिलाच विचार.

पण मोठं होताना प्रत्येक गावची रीत निराळी. आपल्याकडे अनोळखी माणूस दिसला की आधी हसायचं, मग कुठले तुम्ही, असं विचारायचं. काही देशांत ओळख नसताना हसलं की समोरच्याला वाटतं हा मला हसतोय, नाहीतर याचा एक स्क्रू ढिला आहे. काही जण लाज वाटली की हसतात. आमच्या बालवाडीतला गोरक्ष चड्डी ओली झाली की हसतो, आणि मी रागावले की अजून हसतो. मी म्हणते, बत्तिशी काय दाखवतोस वर तोंड करून! अंजनेरीच्या सहलीला एका माकडाने आमच्याकडे बघून सगळे दात दाखवले. पोरं ओरडली, बाई, माकड हसलं. ते हसलं नव्हतं बाळा, घाबरलं होतं. मला मारू नका, असं सांगायला माकड दात दाखवतं.

तर तू काय करायचं? तूच आधी हस. हसऱ्या तोंडाला कोणीही दार उघडतं. बालवाडीच्या भिंतीवर मी स्वतः रंगवून लिहिलंय, हसण्याला भाषा लागत नाही. तिकडे करून बघ.

आणि आबा तुझ्यावर अजिबात रागावलेले नाहीत. लहानपणी ऊस सोलताना त्यांचा पुढचा दात तुटला, तेव्हापासून त्यांना तोंड उघडायची लाज वाटते. दरवर्षी मी मुलांना दात घासायला शिकवते तेव्हा आबांना नेऊन उभं करते आणि सांगते, ऊस दातांनी सोलला की हे असं होतं. आबा गुमान उभे राहतात. उघडा म्हटलं की तोंड उघडतात, मिटा म्हटलं की मिटतात.

तुझी
अंजलीआत्या


व्रोत्सवाफ
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

जय भीम. मी तुझं ऐकलं. आता मीच आधी हसते. वर्गातली मुलं आता माझ्याजवळ येतात. तू म्हणालीस तसंच झालं.

आम्ही एक खेळ खेळतो. तो त्यांनीच शोधला. मधल्या सुट्टीत मी हात पुढे करायचा आणि त्यांनी त्यावर खोडरबर घासायचं. रंग जातो का ते बघायचं. आधी एकच मुलगा घासायचा, आता रांग लागते. ज्याच्या रबरावर काळं येतं तो जिंकतो. ते काळं म्हणजे रबराचाच मळ असतो, पण त्यांना वाटतं माझा रंग निघाला. रक्त एकदाच आलं, थोडंसंच. मी हसते. पानींनी बघितलं आणि त्या पण हसल्या. त्या कधी हसत नाहीत ना, म्हणून मला बरं वाटलं.

हसताना मला तुझं अंजनेरीचं माकड आठवतं. का ते माहीत नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, उद्यापासून लांब बाह्यांचं घाल. पण ते बाही वर करतात.

आबांना सांग, मी पण ऊस दातांनी सोलणार नाही. इथे ऊस मिळतच नाही.

तुझी
सृष्टी


नाशिकरोड
३० नोव्हेंबर २०२४

तृप्ती,

जय भीम. सृष्टीचं पत्र काल मिळालं. रात्रीच प्रफुल्लला फोन लावला. ताई, मीटिंगमध्ये आहे, म्हणाला. आज दुपारी लावला तर म्हणाला, अगं लहान मुलं आहेत, त्यांनी आपल्या रंगाचं माणूस आधी पाहिलेलं नाही, तू कशाचं काय करतेस. आणि फोन ठेवला. म्हणून तुला लिहितेय. तू आई आहेस.

तू पोरीला लांब बाह्या घालायला सांगितल्यास. शाब्बास. म्हणजे पोरांनी घासायचं आणि तिनेच झाकायचं. त्या बाईला जाऊन सांगायचं सोडून तू कपाट उघडलंस? एका लेकराच्या हातातून रक्त येतं, बाकीची रांग लावून उभी राहतात आणि शिक्षिका हसते. आमच्या बालवाडीत असं झालं असतं तर मी एकेकाचा कान धरला असता, मग माझी नोकरी गेली असती तरी चाललं असतं.

माझा राग फक्त तुमच्यावर नाही. आधी हस, हे मीच तिला लिहिलं. भिंतीवर रंगवायला ते वाक्य फार छान आहे. आज सकाळी बालवाडीत गेले तर ती भिंत बघवेना. आणि गोरक्षला आज बत्तिशी म्हटलं नाही. त्याची चड्डी बदलली आणि गप्प बसले.

तू उद्याच्या उद्या शाळेत जा. तुला तिथली भाषा येत नसेल तर प्रफुल्लला ओढून ने. त्याला जमत नसेल तर तसं स्पष्ट सांग, म्हणजे माझ्या भावाला काय काय जमत नाही ते मलाही कळेल.

पत्र मी आबांना वाचून दाखवलं. एरवी ऐकू येत नाही म्हणतात, हे एकदा वाचलं तेवढ्यात ऐकू आलं. जेवायला उठले नाहीत.

अंजली


व्रोत्सवाफ
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय ताईंस,

सप्रेम जय भीम. तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. मी आई आहे हे मला माहीत आहे, तुम्ही आठवण करून द्यायला नको होती.

मी शाळेत गेले होते. पानींना मोडक्या इंग्रजीत विचारलं. त्या म्हणाल्या, हा मुलांचा खेळ आहे, सृष्टी स्वतःच हात पुढे करते, ती तर सगळ्यांत जास्त हसत असते. नको असेल तर मूल रडेल, नाही म्हणेल, निदान तोंड पाडेल. आमच्या मुलांना हसणारं मूल म्हणजे खूश मूल एवढंच कळतं, असं त्या म्हणाल्या. मी पण हसले, ताई. थँक यू म्हणाले आणि निघाले. गेटबाहेर आल्यावर मला माझीच लाज वाटली.

ह्यांचं कंत्राट मार्चमध्ये वाढवायचं आहे. आता तक्रारी करणारं कुटुंब म्हणून नाव व्हायला नको, असं ह्यांना वाटतं. तुम्हाला ते भित्रेपणाचं वाटेल. तुम्ही थर्मलच्या कॉलनीत आपल्या माणसांत राहता. इथे आम्ही कोण आहोत हे कोणाला माहीत नाही, आणि तेच सुख म्हणून आम्ही आलो. पण तेही पुरतं मिळालं नाही. गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी बोलावलं होतं. एका बाईंनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग मोदक वाढता वाढता गप्प झाल्या. पुन्हा बोलावलं नाही. त्या दिवशीही मी हसत हसत चपला घातल्या. सृष्टी माझं बघूनच शिकली असेल. तुमच्या पत्रातून कशाला शिकायला हवी?

एक विनंती आहे. तिच्या डोक्यात गावाकडचं जुनं काही घालू नका. आबांनाही सांगा.

आपली
तृप्ती


नाशिकरोड
३ जानेवारी २०२५

चि. सृष्टी,

हे पत्र आबांचं आहे. ते सांगताहेत, मी लिहितेय. तुझ्या आईने नको म्हटलं होतं. मी आबांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, तू लिहितेस का मी नवनाथकडून लिहून घेऊ? म्हणून बोलतील तसंच लिहिते.

सृष्टी बाय, मी कोंडाजी. तुझा आबा. मी तुझ्यावर रागावलेलो नाय. हे पहिलं.

दुसरं. माझा दात उसानं तुटलेला नाय.

मी तुझ्याएवढा होतो तेव्हा आम्ही नामपूरला राहायचो. शाळेच्या वाटेवर एक मोठं घर होतं. त्या घरची पोरं ओट्यावर बसून राहायची. आम्हाला हात लावायचा नाय, अशी त्यांच्यात रीत. हात लावायचा नव्हता, म्हणून लांबून ढेकळं मारायची. कोणाचं ढेकूळ नेमकं लागतं, असा त्यांचा खेळ. माझी आई म्हणायची, तोंड हसरं ठेव, म्हणजे जास्त मारणार नाय. मी हसायचो. मी हसतो म्हणून त्यांना वाटायचं का ह्याला पण मजा येती. मग रोजच खेळ.

एक दिवस त्यांचा बाप बाहेर आला. मला वाटलं, पोरांना रागवंल. त्यानं पोरांकडं बघितलंच नाय. मला म्हणला, कोनले हासस रे तू? म्हंजे, कोणाला हसतोस. आणि पायातली वहाण काढून तोंडावर मारली. दात तिथंच पडला. मी शोधत बसलो नाय.

हसलो म्हणून ढेकळं लागली आणि हसलो म्हणूनच वहाण लागली. घरी येऊन आईला सांगितलं, ऊस सोलताना तुटला. तिला सगळं ठाव होतं. पण तिनं पण ऊसच धरला. मग गावभर ऊसच झाला.

तवापासून मी तोंड मिटून घेतलं. एकलहऱ्याला कोळशावर कामाला लागलो. साहेब म्हणायचे, कोंडाजी लय कडू माणूस. म्हटलं, म्हणू दे. कडू माणसाला कोणी ढेकूळ मारत नाय.

आता तू ऐक. त्या पोरांनी रबर काढलं का हात मागं घ्यायचा. तोंड मिटायचं. त्यांच्या डोळ्यात बघायचं. त्यांच्या भाषेत नको म्हणायचं, मोठ्यानं. पुन्हा म्हणायची पाळी आली तर पुन्हा म्हणायचं. हसायचं नाय. काय पण झालं तरी हसायचं नाय, बाय.

तुझा आबा

(सृष्टी, मी अंजलीआत्या. मी या माणसाच्या घरात जन्मले, इतकी वर्षं त्यांना जेवायला वाढतेय, आणि मला हे आज कळलं. आणि दरवर्षी मी त्यांना पोरांसमोर उभं करून तोंड उघडायला लावत होते. लिहून झाल्यावर मी त्यांना विचारलं, आबा, कधी बोलला का नाहीत? ते म्हणाले, तू चांगलं शिकवत होतीस की, ऊस दातांनी सोलूच नये.)


व्रोत्सवाफ
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या आणि प्रिय आबा,

जय भीम. आबांचं पत्र मी आईच्या आधी वाचलं. मग आईने वाचलं आणि ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली.

आबांनी सांगितलं तसंच मी केलं. मुलं आली तेव्हा हात मागे घेतला आणि न्ये म्हणाले. न्ये म्हणजे नको. एक मुलगा हसला आणि त्याने बाही धरली. मी तोंड घट्ट मिटलं आणि त्याच्या डोळ्यात बघून परत न्ये म्हणाले. खूप मोठ्याने.

पानी धावत आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का म्हणून. मी हसत नव्हते ना, म्हणून त्यांना वाटलं मला बरं नाही. मग मी बाही वर करून दाखवली. त्यांनी हात उजेडात धरून बघितलं. मग सगळ्या मुलांची रबरं गोळा केली आणि टेबलाच्या खणात ठेवली. आता आम्ही चुकलं की रेघ मारतो. त्या मुलाच्या आईने चॉकलेट पाठवलं. मी न्ये म्हणाले.

आता मी कोणाकडेच बघून हसत नाही. ते सोपं आहे. आधी गाल दुखायचे, आता नाही दुखत. लिफ्टमधली म्हातारी आता मला जेन दोब्री म्हणते, म्हणजे नमस्कार. बाबा म्हणाले, तू आता इथली झालीस.

आबा, तुम्ही शूर आहात.

तुमची
सृष्टी


व्रोत्सवाफ
१६ मार्च २०२५

आदरणीय ताईंस,

सप्रेम जय भीम. ह्यांचं कंत्राट वाढलं. आता आम्ही आणखी काही वर्षं इथेच आहोत. आबांना तुम्हीच सांगा, माझ्या तोंडाने सांगवत नाही. या उन्हाळ्यात यायचं ठरलं होतं, तेही जमणार नाही.

मी आबांच्या पत्रावर रागावले होते. आता नाही. जे मला आणि ह्यांना जमलं नाही ते एका म्हाताऱ्या माणसाने तिकडे बसून केलं. पोरीच्या हातावर आता डाग उरलेला नाही.

पण ताई, ती हसतच नाही. आधी वाटलं, शाळेपुरतं असेल. परवा तिचा वाढदिवस झाला. केक आणला, वर्गातल्या दोन मुली आल्या, फोटो काढले. सगळ्या फोटोंत तिचं तोंड मिटलेलं. मतदार कार्डावर असतो ना, तसा चेहरा. ह्यांनी माकडचेष्टा केल्या, तिने नुसतं बघितलं. रात्री झोपताना मी तिला गुदगुल्या केल्या. लहानपणापासून ती गुदगुल्यांना खिदळायची, तुम्हाला माहीत आहे. तिने माझा हात धरून बाजूला ठेवला, माझ्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाली, आई, न्ये.

मी तिची आई आहे. मला न्ये.

पानी म्हणतात, ती आता छान रुळली आहे. मी कोणाला सांगू? ती कोणाचं ऐकत नाही, फक्त आबांचं ऐकते. त्यांनी जे शिकवलं ते पक्कं शिकवलं. आता त्यांनीच तिला सांगावं की घरात हसलं तरी चालतं.

आपली
तृप्ती


नाशिकरोड
१० एप्रिल २०२५

चि. सृष्टी,

जय भीम. हे पत्र तुला मिळेपर्यंत जयंती होऊन गेलेली असेल आणि आबांचा फोनही. तरी लिहिते.

मागे मी तुला माणसं का हसतात ते सांगितलं होतं. त्यातलं अर्धं खरं होतं. आरोही झोपेत हसते ते खरं. माकडाचंही खरं. पण त्या दोघांच्या मध्ये जे सगळं असतं ते मी बालवाडीच्या बाईसारखं गाळलं. काही माणसांना हसावं लागतं, कारण नाही हसलं तर मार बसतो. काहींना हसण्याबद्दलच मार बसतो. कोणी कोणाकडे बघून हसायचं हे ज्याच्या हातात असतं, तो बहुतेक स्वतः हसत नाही, दुसऱ्यांना हसायला लावतो. आठ वर्षांच्या मुलीला हे लिहू नये. पण तुला आधीच माहीत झालंय, मग मी कशाला गोड गोड लिहू?

पण एक हसू राहिलं होतं. मागच्या रविवारी आम्ही बालवाडीच्या मुलांना घेऊन पांडवलेणीला गेलो होतो. आत बुद्ध बसलेत. गोरक्षने विचारलं, बाई, हे हसताहेत का? मी नीट बघितलं. अगदी थोडं हसताहेत. समोर आम्ही असू नसू, त्यांचं आपलं तेवढंच. ते हसू कोणाला खूश करायला नाही आणि कोणाला घाबरूनही नाही. तसलं हसू तुझ्याकडे होतं. ते आम्हाला परत हवंय, निदान तुझ्या आईसाठी.

तुझ्या आईचं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. तुम्ही उन्हाळ्यात येणार नाही, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर दाढीचा आरसा खिडकीत टेकवून त्याच्यासमोर बसलेले. मी विचारलं, दाढी तर कालच केलीत? तर म्हणाले, पोरीला मीच बंद केलं, मीच उघडून दाखवतो, माझं बघून हसंल ती. बाळा, ते हसण्याचा सराव करत होते. ओठ ओढतात, पण गाल वर जात नाहीत. इतकी वर्षं मिटलेलं तोंड आहे. गंजलेल्या कडीसारखं झालंय. रोज सकाळी बसतात. काल मला विचारलं, जमतंय का गं? मी म्हटलं, जमतंय. खोटं बोलले.

जयंतीला पांढरा शर्ट घालून ते तुला फोन करणार आहेत. मला म्हणाले, तू मागं उभी राहा, मला धीर येईल.

त्यांनी आजवर कोणासाठी हे केलेलं नाही. तुझ्या आजीसाठी नाही, तुझ्या बापासाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच. म्हणून तू नीट बघ.

तुझी
अंजलीआत्या


व्रोत्सवाफ
२० एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

जय भीम. तुझं या महिन्याचं पत्र अजून आलेलं नाही. तरी मी आधीच लिहिते, कारण मला आबांची काळजी वाटते.

जयंतीला आबांचा फोन आला तेव्हा त्यांनी पांढरा शर्ट घातला होता आणि फोन तोंडाच्या खूप जवळ धरला होता. मग त्यांनी तोंड उघडलं आणि एका बाजूला वाकडं केलं. दात नाही ती जागा दिसली. ओठ थरथरत होते. मग डोळे बारीक झाले आणि त्यातून पाणी आलं. तरी ते तोंड मिटत नव्हते. मला भीती वाटली. मी विचारलं, आबा, दुखतंय का?

मग त्यांनी तोंड मिटलं आणि हो म्हणाले.

तू त्यांच्या मागे उभी होतीस आणि तू हसत होतीस. आत्या, कोणाला दुखत असताना हसू नये. त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.

तुझी
सृष्टी